युरियाचं पोतं, नायलॉनची साडी, खादीची चादर

देवळीकडच्या जिनात यंत्रावर कापसाची सरकी काढताना आमच्या यांचा डावा हात मनगटापासून गेला. एका हाताच्या माणसाला जिनवाले पुन्हा घेईनात. उरली धरणावरची मासेमारी. तर मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष आमच्या अंगणात येऊन म्हणाले, "वहिनी, डोंगा एका हातानं चालत नाई. यादीतून नाव काढा लागते."

मी तेव्हा तिशीतली, तोंडाची फटकळ. म्हटलं, "भाऊजी, हात गेला, माणूस नाई गेला."

ते हसले, पण सवड दिली. वैशाखात यांनी पलीकडच्या काठावरची जाळी एकट्यानं आणून दाखवायची, मग नाव राहील. ती सवड दिली, याचे उपकार मी अजून मानते.

जाताना काठाकाठानं, बगलेत बांबू धरून रेटत जाता यायचं. येताना मात्र डोंगा भरलेला आणि मधलं पाणी खोल. हे म्हणाले, "वारा त रोज फुकट वाहून राह्यला. त्यालेच लावू कामाले." म्हणजे शीड! आमच्याकडं कोणी शीड पाहिलेलं नव्हतं. पण शिवणयंत्र माझं, तेव्हा कापडाची कटकट माझ्याच गळ्यात पडली.

आधी युरियाच्या पोत्यांचं केलं. हलकं, वाळायला वेळ नाही, वारा असा धरायचं की डोंगा पळतच सुटायचा. पण ताठ! एकदा फुगलं की हाताला दाद देईना. शिडाची दोरी यांच्या पायाच्या अंगठ्यात अडकवलेली, वल्हं बगलेत. काठाजवळच डोंगा पालथा. वर महिनाभराच्या उन्हात त्या पोत्याचा हात लावताच भुगा व्हायला लागला.

मग माझी नायलॉनची साडी. होती ती एकच. फुगायची छान, पण इतकी निसटती की गाठ राहीना, आणि बाभळीचा एक काटा लागला तर वीतभर फाटत गेली. मी दोन दिवस बोलले नाही. यांचं आपलं, "किती शांतता हाय घरात!"

शेवटी वर्ध्याहून आणलेली खादीची चादर फाडली. भिजली की उचलवत नव्हती, वाळता वाळायची नाही. पण हाताला काय गुणाची! जोराचा वारा आला की थोडा विणीतून जाऊ द्यायची. वारा मंद असला की हे डब्यानं तिच्यावर पाणी मारायचे. सूत फुगायचं, वीण मिटायची आणि डोंगा पुढं सरायचा. ही युक्ती यांनी स्वतःच शोधली. मला फार कौतुक वाटलं होतं, पण बोलले नाही. उगाच डोक्यावर बसले असते.

चादरीचा पन्हा अपुरा, म्हणून मध्ये जोड दिला होता. मी जाळ्याच्या नायलॉन दोऱ्यानं दुहेरी टीप मारली होती. यांनी ती दातानं ओढून पाहिली आणि म्हणाले, "हे उसव. साध्या सुताची एकच टीप मार, लांब लांब टाक्यांची."

"कायले? माझ्या मशीनवर कच्चं काम? लोक थुंकतील ना माझ्यावर!"

"वारा-वावधन आलं त मले एका हातानं दोरी सोडता येत नाई वं. काही तरी सुटलं पायजे. शिवण नाई सुटली, त मी जातो."

मी खूप भांडले. मग रडत रडत उसवली, आणि जन्मात पहिल्यांदा मुद्दाम वाईट शिवलं.

ठरलेल्या दिवशी दुपारी हे जाळी घेऊन निघाले, आणि ते मध्यावर असताना पश्चिमेकडून धुळीचं वावधन उठलं. घाटावर सगळं गाव. शीड टम्म फुगलं, डोंगा एका अंगावर गेला. कोणी तरी ओरडलं, "बुडाला व माय!" आणि तेवढ्यात शीड मधोमध, त्या जोडावरच, उभं फाटलं. वारा आरपार गेला, डोंगा सरळ झाला. उरलेल्या दोन फडक्यांवर, बगलेतल्या वल्ह्यानं दिशा धरत, हे हळूहळू घाटाला लागले. जाळी जशीच्या तशी.

अध्यक्षांनी फाटकं शीड हातात घेतलं. "वहिनी, तुमची शिवण त भलतीच कच्ची निंगाली!" लोक हसले. एरवी मी त्यांची सालटी काढली असती. त्या दिवशी हात जोडले. ते म्हणाले, "नाव राह्यते यादीत. चाला."

हे डोंग्यातून उतरले, आणि विचारतात काय, "भाकर आणली काय?"

मी सगळ्या गावादेखत त्यांच्या ओल्या सदऱ्यात तोंड खुपसलं आणि हमसून हमसून रडले. बाया पदर तोंडाला लावून पाहत होत्या. तेव्हा लाज वाटली नाही. आजही वाटत नाही.