गोलसमोरची जमीन

क्लबात तिला सगळे मावशी म्हणत. पंचविशीतला सेंटर फॉरवर्डही मावशी म्हणे आणि तिकीट खिडकीवरचा साठीचा माणूसही. वय बावन्न, अंगाने काटकुळी. आवाज मात्र असा खणखणीत, की मैदानाच्या या टोकाहून त्या टोकाला हाक मारायला तिला कधी भोंगा लागला नाही. लग्न होऊन आली तेव्हा तिचे सासरे या मैदानाची राखण करत. त्यांचे गुडघे गेले आणि दोन धडधाकट मुलगे असताना गवत कापायचं यंत्र सुनेने हातात घेतलं. थोरला, म्हणजे तिचा नवरा, वीज दुरुस्तीच्या कामांत बुडालेला. धाकट्याला मातीत हात घालायचा कंटाळा. "चार दिवस बघते," असं ती म्हणाली होती. त्या चार दिवसांना बावीस वर्षं झाली.

तो धाकटा दीर पुढे क्लबचा सचिव झाला. गवत हिरवंगार असलं की पाहुण्यांसमोर "आमचं मैदान", आणि पिवळं पडलं की "वहिनी, तुमचं मैदान". पण एरवी दोघांचं बरं जमायचं. सकाळचा चहा तो तिच्याच हातचा प्यायचा.

क्लब चौथ्या श्रेणीतला. खेळाडू आठवडाभर नोकऱ्या करायचे आणि सुट्टीला खेळायचे. गोलकीपर बेकरीत कामाला होता. सहा फूट चार इंच उंच, म्हणून सगळे त्याला शिडी म्हणत. डावा बॅक नळदुरुस्तीची कामं करायचा. असा हा संघ त्या वर्षी राष्ट्रीय चषकाच्या तीन फेऱ्या पार करून बसला. या स्पर्धेचा हिशेब सरळ असतो, हरला तो बाद. आणि लहान-मोठा असा भेद नसतो. काचेच्या भांड्यातून संघांच्या नावांचे चेंडू निघतील तशा जोड्या लागतात. चौथ्या फेरीला भांड्यातून यांचा चेंडू निघाला आणि पाठोपाठ निघाला तो देशातल्या सगळ्यात बलाढ्य संघाचा. सामना यांच्याच मैदानावर.

गाव वेडं व्हायचं बाकी राहिलं. न्हाव्याच्या दुकानात दुसरा विषय निघेना. सुताराने जादा बाकं ठोकायला घेतली. सचिवाचा फोन कानापासून सुटत नव्हता. मावशीनेही गवताला कंगवा फिरवायचाच काय तो बाकी ठेवला होता.

सामना रविवारी. त्याच्या नऊ दिवस आधी, शुक्रवारी सकाळी, ती अवजारांच्या शेडच्या बाजूच्या गोलसमोरून चालली होती. गोलरेषेपासून चार पावलांवर तिची टाच किंचित खाली गेली. बोटभरच. ती थांबली. पाय उचलून पुन्हा ठेवला. पुन्हा तसंच. पाणी जास्त झालं असेल, असं मनाशी म्हणून पुढे गेली, आणि दहा पावलांवरून परत फिरली. कोपऱ्यातल्या झेंड्याची लोखंडी सळई काढून आणली आणि त्या जागी दाबली. वीतभर माती लागली. मग सळई अशी सर्रकन आत गेली की ती तोंडावर पडता पडता वाचली. खाली काही नव्हतं. नुसती पोकळी.

तिने सळई बाहेर काढली, भोक बोटाने बुजवलं आणि इकडेतिकडे पाहिलं. कुणी पाहिलं नव्हतं. कुणी पाहिलं नाही म्हणून आपल्याला बरं का वाटलं, हे तिला नंतर फार टोचलं.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी तिने दिराला सांगितलं. तो कप हातात धरून तसाच बसला.

"किती मोठं आहे?"

"वरून कळत नाही. सळई हातभर आत गेली."

"गुरुवारी स्पर्धेचा साहेब मैदान बघायला येतोय, ठाऊक आहे ना? त्याने लाल शेरा मारला तर सामना उचलून त्यांच्या मैदानावर नेतील. तिथे आपली पोरं गर्दी बघूनच अर्धी होतील. आणि आपलं गाव? गाव टीव्हीवर बघणार?"

"मग करायचं काय, भाऊजी?"

"वाळू भरा. वर गवताचा तुकडा बसवा. आणि वहिनी, हे तुम्हाला दिसलंच नाही असं समजा."

तिला स्वतःलाही तो सामना इथेच हवा होता. बावीस वर्षं ज्या जमिनीवर कंबर मोडली, तिच्यावर एकदा तरी मोठी माणसं खेळावीत, असं कुणाला वाटणार नाही?

तिने सहा घमेली वाळू ओतली आणि ठोकून बसवली. वर गवत चिकटवलं, पाणी मारलं. दिसायला जागा अशी झाली की शोधूनही सापडू नये. रविवारी सकाळी पाहिलं तर मधोमध बशीसारखा खळगा. आणखी चार घमेली. सोमवारी पुन्हा खळगा. वाळू कुठे जात होती कोण जाणे. जमीन गिळत होती आणि ढेकर देत नव्हती.

त्या दिवसांत तिचं कशात लक्ष लागेना. भाजीत दोनदा मीठ पडलं. स्वयंपाकघरात फरशीवर उभी असताना ती नकळत टाच दाबून बघायची. नवरा दोन दिवस हे पाहत होता.

"अगं, फरशी खचत नाहीये," तो म्हणाला. "काय झालंय ते सांग."

तिने सांगितलं. तो मुळातच कमी बोलणारा. बराच वेळ पकडीची मूठ पुसत बसला. मग म्हणाला, "तो धाकटा आहे, त्याला चषक दिसतोय. तुला काय दिसतंय?"

तिला शिडी दिसत होता. सकाळच्या सरावात तो त्याच गोलमध्ये उभा राहायचा. चेंडू कोपऱ्याकडे निघाला की लांबच्या लांब झेप घ्यायचा, आणि दर वेळी त्याचा उजवा पाय रोवला जायचा तो त्या जागेच्या हातभर अलीकडे. मावशी यंत्र पुसायचं निमित्त करून बघत राहायची आणि त्याचा पाय टेकला की तिचं फडकं जागीच थांबायचं. बुधवारी तिने सरळ हाक मारली, "शिडी, त्या गोलला जाऊ नको रे आज! गवताला पाणी दिलंय." तो हसून दुसऱ्या टोकाला गेला. त्याने काही विचारलं नाही, आणि मावशीला ते विचारण्यापेक्षा जड गेलं.

गुरुवारी साहेब आला. बुटका, टक्कल पडलेला, गळ्यात मोजपट्टी. सचिव त्याच्या पुढे-मागे. साहेबाने रेषा मोजल्या, गोलचे खांब हलवून पाहिले, चेंडू उंचावरून टाकून उसळी बघितली. मग शेडच्या बाजूच्या गोलकडे वळला. मावशी कुंपणाशी उभी होती. साहेब त्या जागेवर गेला. तिथेच उभा राहून त्याने कागदावर काहीतरी लिहिलं. काही झालं नाही. माणूस हलका होता, वाळू सकाळीच भरलेली होती. तो तिथून निघाला आणि जाता जाता म्हणाला, "मैदान फार छान ठेवलंय. कुणाचं काम?"

"आमच्या वहिनीचं!" सचिव म्हणाला. खरंच अभिमानाने म्हणाला.

साहेबाने सही केली, हात मिळवला आणि फाटकाकडे निघाला. आता सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण मावशीला आतापर्यंत निदान कुणीतरी पकडेल अशी आशा होती. आता तीही गेली. आता ते भोक फक्त तिचं होतं. गाडीचं दार लागल्याचा आवाज आला आणि ती धावत सुटली.

"साहेब! थांबा! साहेब!"

त्या आवाजाला गाडी न थांबून करते काय. सचिव मागून ओरडला, "वहिनी!" पण तोवर तिने काच उतरवायला लावली होती.

"एक जागा तुम्हाला नीट दिसली नाही," ती धापा टाकत म्हणाली. "दिसली नाही कारण मी झाकली होती. चला, दाखवते."

सळई साहेबाच्या हातात दिली. ती आत गेली तसा त्याचा चेहरा बदलला. त्याने सही केलेला कागद काढला, आडवी रेघ मारली आणि म्हणाला, "शनिवारी सकाळी दहाला मी परत येतो. जमीन भक्कम असली तर सामना इथे. नसली तर त्यांच्याकडे. यापेक्षा जास्त मला काही करता येणार नाही."

सचिव तिच्याकडे न बघता निघून गेला.

तासाभरात गावभर झालं. मावशी फावडं घेऊन एकटीच खणायला लागली होती, तेवढ्यात डावा बॅक आला, कामावरच्याच कपड्यांत. त्याने गवताचे चौकोन कापून बाजूला रचले आणि खड्ड्यात उतरला. मग शिडी आला, भुवयांना पीठ तसंच. संध्याकाळपर्यंत निम्मा संघ मातीत होता. छातीइतकं खणल्यावर सापडलं: शेडखालून जाणारी जुनी मातीची सांडपाण्याची नळी फुटली होती. वर्षानुवर्षं ती थोडी थोडी माती धुऊन नेत होती. गोलच्या तोंडाशी, गवताच्या खाली, एक माणूस उकिडवा बसेल एवढी जागा रिकामी झाली होती.

शिडी त्या भगदाडाकडे बघत राहिला. मग मावशीकडे वळला. "बुधवारी तू मला त्या टोकाला पाठवलंस."

"हो."

"म्हणजे तुला ठाऊक होतं."

"शुक्रवारपासून."

"आधी सांगायला हवं होतंस, मावशी."

"हवं होतं," ती म्हणाली.

शुक्रवारी नवी नळी बसली. दगड, खडी, वाळू, माती असे थर टाकून प्रत्येक थर ठोकून घेतला. तिचा नवराही दुपारी येऊन ठोकणी धरून गेला. वर बसवायला गवत मैदानाबाहेरच्या पट्ट्यातून कापून आणलं. पण गवताला मुळं धरायला दोन आठवडे लागतात आणि त्यांच्याजवळ दोन दिवस होते. जमीन आता दगडासारखी झाली होती, गवत मात्र नुसतं पांघरूण घातल्यासारखं. ही धाकधूक तिने कुणाला सांगितली नाही असं नाही. या वेळी तिने सगळ्यांना सांगितली, साहेबालाही. शनिवारी त्याने सळई घातली. ती वीतभरावर अडली. मग त्या बुटक्या माणसाने बूट काढले आणि त्या जागेवर दोन्ही पायांनी पाच-सहा उड्या मारल्या. "गवत सरकेल थोडं," तो म्हणाला, "पण खचणार नाही." आणि दुसऱ्यांदा सही केली.

रविवारी पाच हजार माणसं मावली, कशी मावली देव जाणे. मावशीला सामन्यातलं फारसं काही सांगता येत नाही. चेंडू कुठे होता हे तिला ठाऊक नव्हतं. ती शेडच्या सावलीत उभी राहून हातभर जमीन बघत होती. पूर्वार्ध बिनगोल. उत्तरार्धात शिडी त्याच गोलमध्ये आला. तो आला तशी तिने शेडचा पत्रा धरला. सत्तर मिनिटं झाली तरी बिनगोल. गाव घसा फोडत होतं. म्हातारी माणसं बाकांवर चढली होती.

एकाहत्तराव्या मिनिटाला त्यांच्या उजव्या बाजूच्या खेळाडूने लांबून फटका मारला. फार जोराचाही नव्हता. शिडीने झेप घ्यायला उजवा पाय रोवला आणि पायाखालचा गवताचा चौकोन सरकला. वीतभरच. पण झेप वीतभर कमी पडली. चेंडू बोटांना लागून आत गेला.

सगळं मैदान एकदम गप्प झालं. मावशीची नजर त्या सरकलेल्या चौकोनावरच होती.

तेवढा एकच गोल. एक शून्य. हरला तो बाद, आणि ते बाद झाले.

शिट्टीनंतर खेळाडू एकमेकांच्या गळ्यात पडत होते, लोक टाळ्या वाजवत होते. ती पुढे गेली नाही. शिडीच तिच्याकडे आला. गुडघ्यापर्यंत माती, डोळे लाल.

"माझ्या गवताने घात केला," ती म्हणाली.

त्याने मान हलवली. वाकून उजव्या पायाचा मोजा खाली सारला, घोटा गोल गोल फिरवून दाखवला. "मावशी, पाय सरकला. आत नाही गेला." एवढं बोलून तो पुन्हा संघाकडे गेला. तिथे जाऊन मात्र तो रडला, हे तिने लांबून पाहिलं.

त्या संध्याकाळी ती घरी येऊन खुर्चीत बसली ती बुटांसकट झोपली. नवऱ्याने बूट काढले, जेवायला दोनदा हाक मारली, आणि मग ताट झाकून ठेवलं.

दीर सतरा दिवस चहाला आला नाही. गावात काही लोक म्हणत, बाईने गप्प बसायला हवं होतं, दीड तासात काय जमीन फाटणार होती? काही म्हणत, बरं झालं बोलली. दोन्हीकडचे लोक तिला रस्त्यात भेटायचे आणि ती दोघांनाही सारखंच उत्तर द्यायची, "मला विचाराल तर मी सहा दिवस उशीर केला."

अठराव्या दिवशी ती मैदानावर चुन्याच्या रेषा मारत होती. शनिवारी नेहमीचा साखळी सामना होता, दोनशे माणसं येणारा. दोरीचं एक टोक खुंटीला बांधलेलं, दुसरं सारखं सुटत होतं. दीर फाटकातून आत आला आणि जरा लांबच उभा राहिला.

"भाऊजी, ती दोरी धरा जरा," ती म्हणाली.

त्याने धरली. थोड्या वेळाने म्हणाला, "मला राग आला होता, वहिनी."

"माहितीये."

"अजून गेला नाही."

"असू दे. दोरी ताणून धरा, नाहीतर रेष वाकडी येते."

त्याने दोरी हाताला दोन वेढे देऊन ताणली, आणि ती चुन्याचं गाडं ढकलत त्याच्या दिशेने निघाली.