मामांच्या पाठीवरची काठी

मामा गेल्याची बातमी मला आली ती त्यांच्या चुकीच्या पाठीसकट. पुंडलिकनगरातल्या व्यायामशाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळी एक जुना फोटो पडला. मामा वाकलेले, हातात रॉड, दोन्ही टोकांना प्लेटांची चवड, मानेच्या शिरा फुगलेल्या आणि पाठ कमानीसारखी गोल. खाली लिहिलं होतं, 'आमचे उस्ताद आपल्यातून गेले.' मी आधी पाठ बघितली आणि मग ओळ वाचली. लिहायला लाज वाटते, पण तसंच झालं. थोड्या वेळानं मामींचा फोन आला. "चहा ठिवला व्हता गं. दोनदा हाक मारली... उठलेच नाय." झोपेतच हृदय थांबलं होतं.

निवृत्तीमामा म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ. तरुणपणी ते वैजापूरच्या मार्केट यार्डात हमाली करायचे. कांद्याच्या, धान्याच्या पोत्याला दोन्ही हातांनी कवळा घालायचा, पाठीची कमान करायची आणि हिसका देऊन उचलायचं, हे त्यांच्या अंगात तिथंच मुरलं. पुढं वाळूजच्या एका कारखान्यात नोकरी लागली, पुंडलिकनगरात घर झालं आणि शिफ्ट सुटली की ते व्यायामशाळेत जाऊ लागले. तिथं त्यांनी जमिनीवरचा रॉड उचलला तो पोत्यासारखाच. वजन वर यायचं, म्हणजे पद्धत बरोबर असणार, असं त्यांनीही धरलं आणि बघणाऱ्यांनीही. तीस वर्षं त्यांनी पोरांना तेच शिकवलं. "उचललं ना? मग झालं!" एवढंच त्यांचं शास्त्र होतं, आणि त्यावर ते उस्ताद झाले.

मी वाढले ती पत्रकांच्या घरात. वडिलांच्या संघटनेची पत्रकं आमच्या पलंगाखाली गठ्ठ्यांनी असायची. त्यांच्या घड्या घालता घालताच मला अक्षरं लागली. त्यातून मी एक गोष्ट शिकले, की चूक दिसली तर ती चारचौघांत, नाव घेऊन सांगायची. कॉलेजात मी एका प्रशिक्षक बाईंकडे दोन वर्षं वजनं उचलायला शिकले. त्यानंतर व्यायामशाळेच्या वर्धापनदिनाला गेले. एकसष्ट वर्षांच्या मामांनी सगळ्यांसमोर एकशे चाळीस किलो उचललं. टाळ्या पडल्या, गळ्यात हार पडला. टाळ्या थांबायच्या आत मी म्हणाले, "मामा, पाठ पार चुकीची आहे. अशानं मणके जातात. पोरांना हे शिकवू नका." मग मागून आवाज आला, "उस्ताद, आता भाचीकडं क्लास लावा!" सगळे हसले. मामाही हसले, पण गळ्यातला हार त्यांनी काढून खुर्चीवर ठेवला.

आठ दिवसांनी भर दुपारी ते आमच्या घरी आले. पाणीही न पिता म्हणाले, "दाखीव." दारामागं मोर्च्यातल्या फलकाची काठी उभी होती, पुठ्ठा फाटून गेलेला. ती मी त्यांच्या पाठीवर उभी धरली. डोकं, खांद्यांमधली पाठ आणि माकडहाड, या तिन्ही ठिकाणी ती टेकली पाहिजे आणि वाकतानाही टेकलेली राहिली पाहिजे, असं सांगितलं. मामा वाकले. डोकं सुटलं, माकडहाड सुटलं, मधला उंचवटा तेवढा टेकलेला राहिला.

"टेकली का?"

"नाही."

"आता?"

"नाही, मामा."

सात-आठ वेळा झाल्यावर ते खाली बसले. "लईच झालं की माय हे... तीस वर्षं." जाताना काठी घेऊन गेले.

दुसऱ्या दिवसापासून ते व्यायामशाळेच्या कोपऱ्यात रिकामा रॉड घेऊन उभे राहू लागले. ज्या जागी लोक त्यांची ताकद बघायला यायचे, तिथंच. "उस्ताद, धुणं वाळत घालायचंय का त्याच्यावर?" असं कुणीतरी रोज विचारायचं. मामा म्हणायचे, "व्हय, तुझंच आण." घरी ते काठी पाठीला धरून वाकले की मामी भाकरी थापता थापता मान वर करून सांगायच्या, "सुटली, सुटली... परत." काही महिन्यांनी चाळीस किलोपर्यंत पाठ ऐकू लागली. त्यावर एक प्लेट चढवली की पोत्याची पाठ परत यायची. "डोस्क्याला कळलं माय," ते म्हणायचे, "पाठीला कोण सांगनार?"

त्यांना खरी भीती स्वतःच्या मणक्यांची नव्हती. आपण शिकवलेल्या पोरांच्या पाठीचं काय झालं असेल, हे त्यांना झोपू देत नव्हतं. काठी मोटारसायकलला बांधून ते जुन्या शिष्यांच्या दारी जाऊ लागले. बहुतेकांनी चहा पाजला आणि विषय बदलला. शफीकभाईंकडं मी सोबत होते. एके काळी मामांचा सगळ्यात तयार चेला, वाळूजला वेल्डर. आता कंबर गेल्यामुळं काम सुटलेलं, दिवसभर फळीवर पडून. मामा उभ्यानंच म्हणाले, "शफीक, मी तुला चुकीचं शिकवलं रे. तुझी कंबर माझ्यामुळं गेली."

शफीकभाई कोपरावर रेलून अर्धे उठले. मग म्हणाले, "उस्ताद, मेरे कने बोलने को येच एक चीज है, निवृत्ती उस्ताद का चेला हूं करके. वो भी ले जाते क्या आज?"

मामांनी काठी परत मोटारसायकलला बांधली. परत येताना मी बोलले. मला पत्रकांनी जे शिकवलं तेच बोलले. मी म्हणाले, एकेकाला सांगून काय होणार, जाहीर लिहा. एका पानाचं पत्रक मीच लिहिलं. मथळा, 'मी चुकीचं शिकवलं.' खाली त्यांचं नाव. मामांनी ते दोनदा वाचलं. "तू म्हणतीस तर..." एवढंच म्हणाले आणि सही केली. व्यायामशाळेच्या दारात आम्ही दोघांनी ते वाटलं. आठवड्याच्या आत संचालकांनी गोड शब्दांत सांगितलं, उस्ताद, आता आराम करा. त्यांच्याकडची व्यायामशाळेची किल्ली परत घेतली. नवा माणूस ठेवला, तो पोरांना जुन्याच पद्धतीनं उचलायला लावतो. मी याला तेव्हा तत्त्वाचा विजय म्हणत होते. मी त्यांची चूक काढली आणि चुकीबरोबर त्यांच्याजवळ जे जे होतं ते सगळं काढून घेतलं, हे मला दिसलं नाही.

शेवटची भेट ते जायच्या दोन आठवडे आधीची. गच्चीवर त्यांनी लोखंडी पाइपला वाळूचे डबे बांधून साठ किलो केले होते. मी मागं काठी धरून उभी राहिले. ते वाकले, सावकाश उचललं. इतकी सरळ पाठ मी त्यांची कधी पाहिली नव्हती.

"टेकली का?"

"खालून बोटभर सुटली, मामा."

"बोटभरच?"

"बोटभर."

धापा टाकत ते हसले. "मग लई नाय राहिलं. पुढच्या रविवारी ये." पुढच्या रविवारी मी एका पत्रकाच्या छपाईत अडकले होते. त्याच्या पुढचा रविवार त्यांना मिळाला नाही.

'टेकली' म्हणायला माझं काय जाणार होतं? रोज स्वतःला विचारते. मग वाटतं, मी खोटं बोलत नाही म्हणून तर ते मला विचारत होते. दोन्ही खरं आहे, आणि दोन्हीतून काही हाती लागत नाही.

तेराव्यानंतर व्यायामशाळेत गेले. तोच फोटो मोठा करून, हार घालून भिंतीवर लावलाय. मी म्हणाले, हा काढा, हीच पाठ त्यांना पुसून टाकायची होती. एक संचालक समजुतीनं म्हणाले, "ताई, मग कोणता लावू? रिकामा रॉड उचलतानाचा? माणसाचं चांगलं तेच लावत्यात." फोटोखाली चार-पाच जण वजन उचलत होते. सगळ्यांच्या पाठी गोल. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, की यावर लिहावं असं पत्रक माझ्याकडं नाही... आणि लिहिलं तरी वाचणार कोण?

निघताना मामींकडं गेले, तर त्यांनी काठी हातात दिली. "घिऊन जा माय, मला बघवत नाय." आता ती परत आमच्या दारामागं आहे. वरच्या टोकाला त्यांच्या डोक्याच्या तेलाचा काळपट डाग पडलाय. काल ती मी माझ्या पाठीवर धरली. डाग माझ्या डोक्याच्या चार बोटं वर राहिला. तशीच वाकले आणि थांबले. टेकली का, हे सांगायला मागं कुणी नव्हतं.