रोमचा हुकूम

हे सांगायचं मी अनेक वर्षं टाळलं. आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे. राहून जाईल म्हणून लिहितो.

बँकेतल्या बदलीनं कोलकात्यात आलो, निवृत्तही इथेच झालो. डमडमला फ्लॅट घेतला. बायको आधीच गेली होती. मुलगी इथल्याच आयटी कंपनीत होती. तिथल्या एका कॅथलिक मुलाशी लग्न करायचं, पण धर्म बदलायचा नाही, असं तिनं ठरवलं. तो म्हणाला, बदलावा लागतच नाही. माझा विश्वास बसला नाही. त्याच्या चर्चच्या फादरना भेटायला मी एकटाच सियालदहला गेलो.

फादर वयस्कर बंगाली. आम्ही हिंदीत बोललो. म्हणाले, "मुलीनं धर्म बदलायला नको. बिशपची परवानगी लागते, ती मी मागवतो. मुलं झाली तर त्यांना कॅथलिक म्हणून वाढवायचा प्रयत्न करीन, एवढं वचन मुलगा देईल."

मी जन्मभर हेड ऑफिसच्या सर्क्युलरवर चाललेला. विचारलं, "पोपचं पत्र मिळेल?"

ते हसले. "दादा, बिशप म्हणजे पोपचा ब्रँच मॅनेजर नव्हे. आपल्या भागात त्याचा स्वतःचा अधिकार असतो."

"उद्या पोपनं फिरवलं तर? त्यांचं म्हणे कधी चुकतच नाही."

"श्रद्धेची एखादी शिकवण ते सगळ्या चर्चसाठी कायमची ठरवून देतात, तेवढ्यापुरतं तसं मानतात. फार क्वचित घडतं ते. एरवी पोपसुद्धा पापाची कबुली द्यायला दुसऱ्या पाद्र्यासमोर गुडघे टेकतात."

मला सगळं नीट कळलं होतं. चहा घेऊन निघालो.

मुलगी दारातच उभी होती. चपला काढता काढता मी म्हणालो, "रोमचा हुकूम आहे. धर्म बदलल्याशिवाय ते लग्न मानत नाहीत. त्याला ठाऊक आहे हे. तो तुला फसवतोय."

"फादर असं म्हणाले?"

"त्यांना खोटं बोलून काय मिळणार?"

तिनं त्याचे फोन घेणं बंद केलं. तो दोनदा खाली गेटपर्यंत आला. ती उतरली नाही. वर्षभरात तो शहर सोडून गेला. तिनं लग्न केलंच नाही. मला तेव्हा फार काही वाटलं, असंही म्हणता येणार नाही. जेवण जात होतं, झोप लागत होती.

परवा नवे पोप निवडले गेले. टीव्हीवर सकाळच्या बातम्यांत ते सज्जात उभे राहून हात हलवत होते. मुलगी माझ्यासाठी पपई चिरत होती. सुरी न थांबवता म्हणाली, "बाबा, तेव्हाच्या पोपनं एक सही केली असती तर झालं असतं ना?"

सही लागणारच नव्हती. मी म्हणालो, "आवाज जरा कमी कर."

तिनं केला. बशी माझ्यापुढे ठेवली. मी पपई खाल्ली. तोंडाशी येऊन राहिलं ते एवढंच: तो खरं बोलत होता, बाळा. खोटं मी बोललो. मला माफ कर.