उपचार व कल्याणासाठी

शौकतभाई जवळ आले की सफरचंदाचा वास यायचा. शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात हुक्क्याची तंबाखू बनवणारा एक कारखाना आहे, तिथे ते तंबाखूत पाक आणि फळांचे अर्क कालवायचे. अठरा वर्षं. कोपरापर्यंत साबण चोळला तरी तो वास जायचा नाही. माझी मुलगी त्यांना 'ॲपल अंकल' म्हणायची. ते हसायचे, हसता हसता खोकायचे आणि मग म्हणायचे, "अल्लानं फुप्फुसं दोन दिली. एक कंपनीचं, एक घरचं."

ते दापोलीकडचे. पगार मात्र कारखाना देत नव्हता, माणसं पुरवणारी आमची कंपनी देत होती. मी तिच्या शारजा शाखेत व्हिसाचे कागद बघायचो. ऑफिसात मराठी बोलणारा मी एकटाच, म्हणून त्यांचा माझ्यावर जीव. ईदला आमच्याकडे न चुकता त्यांचा सांदणांचा डबा यायचा.

कारखान्यातलं धूळ ओढणारं मशीन बंद पडलं आणि कुणी दुरुस्त करीना. आठ जणांना दम लागायला लागला. शौकतभाईंनी सगळ्यांची एकच तक्रार कोर्टात घातली. "एकटा गेला तर त्याला परतीचं तिकीट मिळतं," ते म्हणायचे, "आठ गेले तर उत्तर मिळतं." निकालाआधीच कारखाना सेटलमेंटला तयार झाला. माणशी पंधरा हजार दिरहम, म्हणजे साडेतीन लाख रुपये. पण सगळी रक्कम आमच्या कंपनीकडे जमा होणार, 'कामगारांच्या उपचार व कल्याणासाठी'.

तो कागद मीच त्यांना वाचून दाखवला.

"कल्याण म्हणजे कुणाचं रे?" त्यांनी विचारलं.

"तुमचंच, शौकतभाई."

त्यांनी सही केली. त्यांच्या शब्दावर बाकीच्या सातांनीही केली.

पैसे आले आणि दुबईचं हेड ऑफिस आणि आमची शाखा यांच्यात जुंपली. हेड ऑफिस म्हणे, करार सगळ्या कंपनीच्या नावानं झालाय, पैसा आमचा. आमचा मॅनेजर म्हणे, खोकणारी माणसं शारजाची, पैसा शारजाचा. चार महिने पत्रं गेली-आली. ती सगळी मीच टाइप केली. आठांचं नाव एकाही पत्रात नव्हतं. शेवटी अर्धे-अर्धे झाले. हेड ऑफिसनं आपलं थकलेलं भाडं भरलं, आम्ही दोन बस घेतल्या. फाइलवर लिहिलं, 'कल्याण'.

कामगार राहायचे त्या कॅम्पात मात्र बातमी पसरली की पैसे शौकतभाईंनी खाल्ले. सह्या त्यांनीच करायला लावल्या होत्या ना! ते सांगत राहिले, पण त्यांच्या हातात कागद नव्हता. कागद माझ्या कपाटात होता. ते एकदा माझ्याकडे आले. "तू फक्त कॅम्पावर चल. खरं काय ते त्यांना सांग. तुझं ते ऐकतील."

मी म्हणालो, "बघतो."

मी गेलो नाही. माझा व्हिसाही त्याच कंपनीचा होता. सातांनी त्यांचं ताट वेगळं केलं.

सहा महिन्यांनी ते कायमचे निघाले. व्हिसा रद्द करायचा फॉर्म माझ्याच टेबलावर भरायचा होता. सही करून त्यांनी पेन टोपण लावून परत दिलं. मी काहीतरी बोलू लागलो, तर त्यांनी हातानंच थांबवलं. "खलास. नोकरी सांभाळ. पोर शिकतेय तुझी." शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

दोन वर्षांनी सातांपैकी मुरलीचा फोन आला. शौकतभाई गावीच वारले होते. मुरली म्हणाला, "पैसा खाया हमारा, लेकिन बुखार में रात-रात भर पास बैठता था, साब."

तेव्हा मी सांगितलं. भाडं, बस, पत्रं, सगळं.

"साब," तो म्हणाला, "दो साल पहले बोलते, तो हम सातों उसको एअरपोर्ट छोड़ने जाते. अकेला गया वो."