मॅडमची वाचनखोली

"कशावरून जी?"

आमच्या ग्रंथपाल मॅडमच्या तोंडी हा प्रश्न खोकल्यासारखा आपोआप यायचा. आता त्या निवृत्त होऊन आमगावला गेल्या, पण त्याआधी गोंदियातल्या एका रुग्णालयाच्या ग्रंथालयात मी त्यांचा सहायक होतो. म्हणजे रिकाम्या खुर्च्यांना शांतता राखायला सांगणारा माणूस. मॅडमना स्वतःला खुर्ची कधी लागली नाही. कपाट सरकव, टेबल फिरव, दाराशी जाऊन कुणी येतंय का बघ, असं चालायचं.

एकदा मी म्हणालो, नर्सेसना वाचायचा कंटाळाच आहे.

"कशावरून जी?"

भाजीत मीठ बरोबर आहे, असं बायको म्हणाली तेव्हा मीही घरी हे विचारून पाहिलं. उत्तर मिळालं नाही. दुसऱ्या दिवसापासून मीठही मिळालं नाही.

मॅडमनी मात्र ठिकठिकाणच्या दवाखान्यांतल्या ग्रंथालयांवर झालेलं संशोधन वाचून काढलं. डॉक्टर-नर्सेसना प्रश्न पेशंटजवळ पडतात, म्हणून ग्रंथपालानंच तिथं जावं, असा त्याचा सूर होता. पण तिकडचं आपल्याकडे लागू पडेलच कशावरून? म्हणून त्यांनी दोन वॉर्ड निवडले. एकात रोज जायच्या, दुसऱ्यात मुद्दाम जायच्या नाहीत. जिथं जायच्या तिथल्या सिस्टर सिकलसेलचा आजार असलेल्या गरोदर बाईपासून तान्ह्याच्या काविळीपर्यंत काहीबाही विचारत. मॅडम धावत जाऊन शोधत आणि एका पानावर मराठीत उत्तर आणून देत.

तुम्ही म्हणाल, छानच की. गोम पुढे होती. आमच्या वाचनखोलीवर स्टोअरवाल्यांचा डोळा होता आणि मॅडम ती भांडून भांडून राखत होत्या. खिडक्यांचे पडदेही त्यांनीच घरी शिवलेले. आणि आता वॉर्डातले प्रश्न वाढत होते, खोलीत कुणी फिरकत नव्हतं. ज्या वॉर्डात त्या जात नव्हत्या, तिथलं तर कुणीच खाली आलं नाही.

दोन वॉर्डांच्या या प्रयोगाचा अहवाल वर पाठवायची वेळ आली तेव्हा मी हळूच म्हणालो, "मॅडम, खोलीचं कायले लिहिता? कोणी विचारून तर नाही राहिलं."

त्यांनी टेबलाभोवती चकरा मारल्या. मग थांबल्या. "मले आवडते म्हणून ठेवू का जी ही खोली?"

आणि खोलीत कुणी येत नाही, हे लिहिलं. खोली स्टोअरकडे गेली.

त्या दिवशी पडदे काढून त्यांनी पिशवीत भरले, किल्ली माझ्या हातात दिली आणि व्हरांड्यात उभ्या राहिल्या. पिशवी टेकवायची कुठं, हे त्यांना सुचेना. या हातातून त्या हातात चाललं होतं. तेवढ्यात प्रसूती वॉर्डाच्या दारातून सिस्टरनं हाक मारली, "मॅडम, एक विचारायचं होतं जी."

मॅडम पिशवीसकट गेल्या.