सरीअण्णांचा होकार

सरीअण्णांना फोनवर 'नाही' म्हणता येत नसे. समोरासमोर ते चांगलेच खट होते. भाजीवाल्याशी, रिक्षावाल्याशी, माझ्याशीसुद्धा कन्नड-मराठीची खिचडी करून मनसोक्त वाद घालायचे. पण फोन हातात आला की त्यांच्या तोंडून एकच शब्द निघे, 'सरी'. पलीकडचा माणूस बोलत असेपर्यंत दर वाक्याला एक. सरी, सरी, स्वल्प थांबा, हां, सरी. कन्नडात सरी म्हणजे बरं, ठीक, मान्य. मी बंगळुरात नवीन होते तेव्हा मला वाटलं, हे गृहस्थ जगातल्या प्रत्येक गोष्टीला होकार देतात की काय. त्यांचं खरं नाव वेगळं होतं, गल्ली त्यांना नुसतं अण्णा म्हणे, पण मी मनातल्या मनात त्यांना सरीअण्णाच म्हणायचे.

हा शब्द त्यांना कारखान्यानं चिकटवला होता. अण्णा मूळचे निपाणीकडचे. तरुणपणी इथल्या एका सरकारी कारखान्यात लागले आणि सगळी नोकरी पत्रे दाबणाऱ्या अवाढव्य प्रेसच्या शेडमध्ये काढली. त्या धडधडाटात भिंतीवरच्या टेलिफोनवर बोलायचं तर ऐकणाऱ्यानं सतत 'सरी, सरी' म्हणत राहावं लागे, नाहीतर लाइन गेली असं समजून पलीकडचा फोन ठेवून द्यायचा. "सरी म्हणजे मी आहे इथं, ऐकतोय," ते मला समजावत. "त्यात होय पण नाही आणि नाही पण नाही, काय कळलं?" त्याच धडधडाटात त्यांचा एक कान कामातून गेला होता. म्हणून घरात ते मोबाइल स्पीकरवर टाकून, छातीशी धरून बोलत.

इंदिरानगरच्या मागच्या गल्लीत त्यांचं छोटं घर होतं आणि वरच्या खोलीत मी भाडेकरू. अक्का, म्हणजे त्यांची बायको, मी येण्याआधीच गेली होती. त्यांच्या 'सरी'चा प्रसाद मला पहिल्याच महिन्यात मिळाला. पाणी शुद्ध करायचं यंत्र घेऊन दोन जण दारात उभे, आणि भिंतीला भोक कुठं पाडायचं ते विचारताहेत. "अंकलनी फोनवर कन्फर्म केलंय," असं त्यांचं म्हणणं. अण्णा बिचारे चहा टाकायला निघाले होते. बोलून माणूस घालवायला माझी जीभ बरी आहे, ती मी वापरली. ते गेल्यावर अण्णा म्हणाले, "पोरं उन्हातनं आली होती गे. चहा तरी देऊ द्यायचास."

आणखी एक सवय म्हणजे, मोठ्या हुद्द्याचा माणूस फोनवर असला की ते उठून उभे राहत. बँकेचा मॅनेजर असो, पेन्शन कार्यालयातला कारकून असो, अण्णा खुर्ची सोडून ताठ उभे. शर्टाचं वरचं बटणही लावत. मी हसले की म्हणत, "त्याला दिसत नसंल, मला दिसतंय की."

रविवार हा त्यांचा सण. निखिल, त्यांचा एकुलता मुलगा, सर्जापूर रोडवर राहायचा आणि रविवारी सकाळी हजर व्हायचा. अण्णा उप्पीट करत, त्यावर खोबरं पेरत, आणि बापलेक ते खाऊन घरातलं काहीतरी उघडून बसत. कधी इस्त्री, कधी पंखा, कधी अक्काचा जुना मिक्सर. बोलणं फार नसे. 'तो पान्हा दे', 'हा नव्हे, लहान', एवढंच. तरी निखिल गेल्यावर अण्णा दिवसभर गुणगुणत असत.

त्यांनी निखिलला आयुष्यात कधी काही विचारलं नव्हतं. शाळेतले मार्क नाहीत, पगार नाही, लग्न कधी करतोस हेसुद्धा नाही. "विचारलं की माणूस खोटं बोलायला शिकतो," हे त्यांचं स्वतःचं तत्त्वज्ञान. "आपण गप्प बसावं. सांगायचं ते तो सांगतोच." आणि निखिल सांगायचाही. मला तेव्हा ते फार सुंदर वाटायचं. आमच्या घरी चौकशीचा सुकाळ होता, त्यामुळे असेल.

मग फोन घेऊन ते गच्चीवर यायला लागले. स्पीकर बंद, मोबाइल चांगल्या कानावर घट्ट दाबलेला, शर्टाचं वरचं बटण लावलेलं, आणि कठड्याशी ताठ उभं राहून "सरी सर. सरी सर." मला बघितलं की पाठ फिरवत. थोड्या दिवसांनी पेपर बंद झाला. मग स्कूटर विकली. विचारलं तर म्हणाले, "चालणं बरं असतंय." माझ्या तोंडावर दार लावल्यासारखा तो स्वर होता. भाडेकरणीनं किती खोदायचं, म्हणून मी गप्प बसले.

त्याच दिवसांत एका रविवारी निखिलनं नवा मिक्सर आणला. जुना आता दुरुस्त होण्यापलीकडे गेला होता. अण्णांनी खोक्याला हात लावला नाही. म्हणाले, "ऐपत बघून खर्च करावा माणसानं. दुसऱ्याच्या पैशावर मिरवू नये." मी दारातच होते. निखिलच्या चेहऱ्यावर आधी हसू होतं, त्याला ती थट्टाच वाटली. मग त्यानं वडिलांकडे नीट पाहिलं आणि ते हसू गेलं. "कुणाच्या पैशावर, बाबा?" त्यानं विचारलं. अण्णा उप्पीटाची कढई घासायला आत गेले. पुढच्या रविवारी निखिल आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

प्रकार उघडा पडला तो अण्णांच्या तापामुळे. मी दुपारी सार-भात घेऊन खाली गेले, तर ते अंथरुणात होते. फोन वाजला. गच्चीवर जायचं त्राण नव्हतं, सवयीनं बोट स्पीकरवर गेलं, आणि मला सगळं ऐकू आलं. निखिलनं मोबाइलवरच्या कुठल्याशा ॲपवरून कर्ज घेतलंय, जामीन म्हणून वडिलांचं नाव दिलंय, व्याज अजून शिल्लक आहे, संध्याकाळपर्यंत भरलं नाही तर घरी पोलीस येतील. आधी हिंदीत, मग कन्नडात. अण्णा पांघरूण बाजूला सारून उठायला लागले. हात बटणाकडे गेला. ते क्षीणपणे म्हणाले, "सर, स्वल्प टाइम द्या." त्यावर तो माणूस म्हणाला, "नीवे सरी अंद्रल्ला." तुम्हीच सरी म्हणालात ना. तुमचा होकार रेकॉर्ड केलेला आहे, आता मागे फिरता येणार नाही.

मी फोन ओढून घेतला. तुमचं पूर्ण नाव काय, कंपनी कुठली, कर्ज खात्याचा नंबर काय, आणि ही सगळी मागणी कागदावर, पोस्टानं पाठवा, एवढंच मी विचारलं. कंपनीचं नाव त्यानं एक सांगितलं, पुन्हा विचारल्यावर दुसरंच सांगितलं. पत्ता मागितला तेव्हा मला शिवी दिली आणि फोन ठेवला. लगेच दुसऱ्या नंबरवरून तोच आवाज आला. मी म्हटलं, आता मी हे पोलिसांना कळवते. त्यानंतर तो आवाज त्या दिवशी पुन्हा आला नाही. मला भीती नाही वाटली, संताप आला. तो संताप अजून गेलेला नाही. उभं राहून, बटण लावून ज्यांच्याशी बोलावं असे ते होते कोण?

मग अण्णांच्या उशाशी बसून मी एकेक गोष्ट काढून घेतली. पहिल्या फोनवर त्या माणसानं विचारलं होतं, "आपके बेटे का नाम?" नाव अण्णांनीच सांगितलं. तो कुठं काम करतो तेही अण्णांनीच. पुढच्या फोनपासून तीच माहिती तो त्यांना ऐकवू लागला, आणि अण्णांना वाटलं, याला सगळं ठाऊक आहे. जामिनाची अट तो वाचत होता तेव्हा अण्णा नेहमीप्रमाणे 'सरी, सरी' करत होते. मुलाला सांगाल तर त्याच्या ऑफिसात मेल जाईल, नोकरी जाईल, हा धाकही होता. पैसे दर वेळी वेगळ्याच कुणाच्या तरी मोबाइल नंबरावर पाठवायला सांगत. "खरा वसुलीवाला असं करत नाही, अण्णा," मी म्हटलं. "तो कागद दाखवतो, पावती देतो, लपवून ठेव म्हणत नाही. हे सगळं खोटं होतं. निखिलनं काहीही घेतलेलं नाही."

मला वाटलं, त्यांना हायसं वाटेल. ते छताकडे बघत राहिले.

"घेतलंच नव्हतं?"

"नाही हो."

"मग मी इतके दिवस त्याच्याकडं कसल्या नजरेनं बघत होतो गे?" ते म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड करून पडले. साराला त्यांनी हात लावला नाही.

निखिलला मी बोलावलं. तो तासाभरात आला, वडिलांचा ताप पाहिला, बँकेला फोन केला, खातं गोठवलं. चिडला नाही. ताप उतरल्यावर आम्ही तिघं पोलीस ठाण्यात गेलो. तक्रार एका महिला हवालदारानं लिहून घेतली. वागायला भली बाई होती. पैसे परत मिळायची आशा फार धरू नका, उशीर झालाय, हेही तिनं हळूच सांगून टाकलं. मग तिनं कन्नडात विचारलं, "याके कोट्री?" का दिलेत?

अण्णा वरचं बटण चाचपू लागले. तिनं पुन्हा विचारलं, तक्रारीत कारण लिहावं लागतं म्हणाली. निखिल त्यांच्या शेजारच्या खुर्चीत होता. माझं कन्नड जेमतेम, पण अण्णांनी खाली मान घालून जे उत्तर दिलं ते मला कळलं. मुलानं घेतलं असेल असं वाटलं. हवालदारीण लिहिताना प्रत्येक शब्द मोठ्यानं उच्चारत होती, तशी तिला सवय असावी. त्यामुळे ते वाक्य त्या खोलीत दोनदा ऐकू आलं. निखिल समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होता.

परतताना गाडीत तो एवढंच म्हणाला, "मला विचारायचं होतंत, बाबा." ज्या माणसानं जन्मभर न विचारण्यातच प्रेम मानलं, तो यावर काय बोलणार होता?

त्यानंतर निखिल रविवारी येऊ लागला, हे खरं. पण तो पाहुण्यासारखा यायचा. बाहेरच्या खोलीत बसायचा, औषधं आणलीत का विचारायचा, फोनमध्ये काय काय बंद करून द्यायचा. उप्पीट पुढे आलं की अर्धं खायचा. आणि वडिलांना सगळा हिशेब द्यायला लागला होता. गाडीचा हप्ता किती, घरभाडं किती, कुणाचं काही देणं नाही. न विचारता, एकेक करून. अण्णा ते ऐकत आणि "कशाला रे, कशाला," म्हणत. मला ते बघवायचं नाही, मी वर निघून यायचे. मिक्सर खोक्यातच पडून होता.

अण्णा मात्र फोन घ्यायला शिकले. कुणाचाही आला की आधी नाव, कंपनी, पत्ता, आणि कागदावर पाठवा. स्पष्ट, बसल्या जागेवरून. 'सरी' पार गेलं होतं. पलीकडचा बोलत असताना ते इतके गप्प असत की लोक 'हॅलो, हॅलो' करून फोन ठेवून देत. मी एकदा कौतुकानं म्हटलं, "अण्णा, आता तुम्हाला कुणी फसवणार नाही." ते म्हणाले, "आता शिकून काय करू? जे जायचं ते गेलं की." आणि ते पैशांबद्दल बोलत नव्हते.

त्या वर्षीच्या थंडीत ते झोपेत गेले. शेजारचे म्हणाले, सुटले. मला तो शब्द आवडला नाही. त्यांचं काहीही सुटलं नव्हतं.

दहावं-तेरावं झाल्यावर निखिल घर आवरायला आला, मी मदतीला खाली गेले. बँकेच्या कामासाठी त्यानं अण्णांचा मोबाइल चालू ठेवला होता. आम्ही अक्काच्या कपाटातल्या साड्या काढत असताना तो वाजला. निखिलनं उचलला. स्पीकर अण्णांनी ठेवला होता तसाच होता. एका मुलीचा आवाज, अगदी मऊ, शिकलेला. तिनं अण्णांना विचारलं, तेव्हा ते गेले, मी मुलगा, असं निखिलनं सांगितलं. ती हिंदीत म्हणाली, सर, तुमच्या वडिलांनी आमच्याकडून कर्ज घेतलं होतं, वारस म्हणून तुम्हाला ते भरावं लागेल.

"मेरे पापा ने कोई लोन नहीं लिया," निखिल म्हणाला.

"सर, एक बार चेक तो कर लीजिए."

"चेक करने की ज़रूरत नहीं है," तो म्हणाला आणि फोन बंद केला. आवाज चढला नव्हता. पुढची साडी घडी करायला त्यानं उचललीही. मग तो तसाच, साडी हातात धरून, पलंगाच्या कडेवर बसला. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, पण त्याला तो कळला असेल असं वाटत नाही.

"बघ ताई," तो म्हणाला, "माझ्याबद्दल एवढंच म्हणायचं होतं बाबांनी."