दर ओळीला ताल बदलणारं गाणं

वरातीसाठी मी असं हुशार गाणं रचलं, की दर ओळीला ताल बदलायचा. ऐकून गणिताचे चार प्रोफेसर आडवे झाले असते. ते चाललं नाही, तर लोहारा गावच्या कारखान्यात कामाला लागायचं, असं घरी कबूल केलं होतं.

फुलसावंगीच्या वरातीत ते वाजलं आणि अख्खं गाव पुतळा झालं. घोडीनंही पाय उचलला नाही. नवरदेवाची मावशी माझ्यावर खेकसली, "काहून रे बाबू, पाय कवा टाकू तेच समजून नाही राह्यलं!"

डीजेवाल्यानं तीन शब्दांचं गाणं लावलं. मावशी भोवऱ्यासारखी फिरली. असे तीन शब्द मला जन्मात सुचले नसते.

आठवडाभर साधं लिहायला बसलो. प्रत्येक ओळ हुशारच निघाली. सोमवारी डबा घेऊन लोहाऱ्याला गेलो.